रक्ताची शेजपाळी

माणसाच्या शरीरातील सगळ्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर एक लाख किलोमीटर लांबी भरेल, पृथ्वीला अडीच वेढे बसतील, हे वाक्य शाळेपासून आपल्या कानांवर पडत आलेले असते. हा आकडा कुठून आला ते ठाऊक आहे. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांना केशवाहिन्यांवरील कामासाठी १९२० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९२२ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा हिशेब मांडला. माणसाच्या अंगात ५० किलो स्नायू आणि स्नायूच्या आडव्या छेदात दर चौरस मिलिमीटरला २००० केशवाहिन्या, असे त्यांनी धरले. गुणाकार केला की उत्तर एक लाख किलोमीटर येते. पण ५० किलो स्नायू एखाद्या तगड्या पैलवानाच्या अंगावर असतील, सामान्य माणसाच्या नाही. शिवाय माणसाच्या स्नायूतील केशवाहिन्यांची दाटी नंतरच्या मोजणीत दर चौरस मिलिमीटरला काहीशेच भरली. ३० किलो स्नायू आणि ३०० केशवाहिन्या धरून तोच गुणाकार केला, तर स्नायूंपुरती लांबी नऊ हजार किलोमीटरच्या आसपास येते. आकडा असा दहा पटींनी खाली आला तरी शरीराची थोरवी कमी होत नाही. माझी हरकत त्या आकड्यापेक्षा त्याच्यामुळे मनात ठसणाऱ्या चित्राला आहे.

ते चित्र पंप आणि नळांचे आहे. हृदय ढकलते, वाहिन्या वाहून नेतात, कुठे गाळ साचला की पाणी तुंबते. रक्तवाहिन्यांविषयीच्या आपल्या बहुतेक समजुती आणि गैरसमजुती या चित्रातून निघतात. मला ते अपुरे वाटते, आणि आजाराच्या वेळी तर घातकही वाटते. हृदय रक्ताला जोर देते हे खरे, पण कोणत्या अवयवाला किती रक्त मिळावे हे हृदय ठरवत नाही. ते वाहिन्या ठरवतात, आणि हे ठरवत असताना त्या स्वतःही बदलत जातात. उपमाच हवी असेल तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कालव्याची उपमा जास्त पटेल. मुख्य कालव्यातून वितरिका फुटते, तिच्यातून चारी, चारीतून पोटचारी. पण नुसत्या चाऱ्या खोदल्या म्हणून शेत भिजत नाही. धरणातले पाणी सगळ्या शिवाराला एकाच वेळी पुरणारे नसते, म्हणून शेजपाळी लावावी लागते, आणि दारे धरायला माणूस लागतो. एक दार मोडायचे, दुसरे बांधायचे. शरीरातही नेमकी हीच अडचण आहे. अंगात रक्त असते पाच लिटरच्या आसपास. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण तेवढेच रक्त बाहेर टाकते. त्यातले एक लिटरहून थोडे जास्त मूत्रपिंडांना जाते, पाऊण लिटर मेंदूला, आणि सगळ्या स्नायूंना मिळून जेमतेम एक लिटर. तोच माणूस धावू लागला की हृदय मिनिटाला वीस लिटरांवर जाते आणि त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा एकटे स्नायू घेतात. मेंदूचा पाऊण लिटर मात्र जवळपास तसाच राहतो. शेजपाळीत पाणी ठरलेल्या क्रमाने फिरते, इथे ते गरजेप्रमाणे फिरते, एवढाच फरक. सगळी दारे एकदम उघडली तर काय होते तेही वैद्यकाने पाहिलेले आहे. रक्तात जंतुसंसर्ग पसरून अंगभरच्या वाहिन्या सैल पडतात, तेव्हा हृदय जिवाच्या आकांताने धडधडत असूनही रक्तदाब कोसळतो आणि रोगी दगावू शकतो.

ही दारे असतात धमनिकांमध्ये. हृदयाकडून निघणाऱ्या त्या धमन्या आणि हृदयाकडे परतणाऱ्या त्या शिरा. जुन्या मराठी वैद्यकीय लेखनात यांनाच रोहिणी आणि नीला म्हटलेले आढळते. धमनी फुटत फुटत केसाइतकी आणि मग केसाहून बारीक होते, तिथे तिला धमनिका म्हणतात. तिच्या भिंतीत, पोकळीच्या मानाने, स्नायूंचा भाग फार मोठा असतो, आणि ते स्नायू वर्तुळाकार आवळलेले असतात. रक्त धमनिकेत शिरते तेव्हा त्याचा दाब पाऱ्याच्या ८५ मिलिमीटरच्या घरात असतो, बाहेर पडते तेव्हा ३० ते ३५ उरतो. पूर्ण अभिसरणात दाब इतका कुठेच पडत नाही. म्हणजे सगळ्यात मोठा अडथळा या चिमुकल्या वाहिन्यांचा आहे, आणि ज्याच्या हाती अडथळा त्याच्या हाती वाटप. झां पॉझाय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या दशकात काचेच्या बारीक नळ्यांतून द्रव वाहू देऊन एक नियम शोधला: नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. त्रिज्या फक्त १९ टक्क्यांनी वाढली तर प्रवाह दुप्पट होतो. धमनिकेच्या स्नायूने किंचित अंग सैल सोडले तरी तिच्या पलीकडच्या पेशींना सुकाळ होतो, तो यामुळे. इथे कोणी म्हणेल की पॉझायचा नियम नळ्यांचाच आहे, मग वाहिन्यांना नळ म्हणण्यात चूक ती काय? नियम खराच आहे आणि रक्तालाही तो बऱ्याच अंशी लागू पडतो. पण नळाची त्रिज्या कारखान्यात ठरते आणि वाहिनीची क्षणोक्षणी. ज्या एका राशीवर सगळे गणित हलते, तीच राशी इथे जिवंत आहे.

मोठ्या धमन्यांचे काम वेगळे, म्हणून त्यांची घडणही वेगळी. हृदयातून निघणारी महाधमनी सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्या भिंतीत इलॅस्टिन या रबरासारख्या प्रथिनाचे थरावर थर असतात. तिचे काम समजायला पेटीचा भाता आठवावा. वाजवणारा हाताने भाता थांबून थांबून हलवतो, तरी सूर तुटत नाही, कारण आतला दुसरा भाता हवा साठवतो आणि आपल्या स्प्रिंगच्या जोराने ती सलग सोडत राहतो. महाधमनी हा आतला भाता आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हा ती फुगते आणि बाहेर पडलेल्या रक्ताचा मोठा हिस्सा पोटात धरते. हृदय सैल पडते तेव्हा ती आवळत येऊन ते रक्त पुढे लोटते. म्हणून दोन ठोक्यांच्या मधेही दाब शून्यावर न जाता ८० च्या आसपास टिकतो. या मधल्या काळाचे महत्त्व हृदयाला स्वतःला सर्वांत जास्त. आकुंचनाच्या वेळी हृदयाचा स्नायू आपल्याच वाहिन्या चिमटून टाकतो, त्यामुळे डाव्या कप्प्याच्या भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः विश्रांतीच्या काळात, महाधमनीच्या परतीच्या जोरावर. इलॅस्टिन बहुतेक सगळे गर्भावस्थेत आणि बालपणात तयार होते, मोठेपणी त्यात फारशी भर पडत नाही. वय वाढते तसे हे थर फाटत, झिजत जातात, भिंत ताठर होते, वरचा दाब वाढतो आणि खालचा उतरतो. म्हाताऱ्या माणसाचा १६० आणि ७० असा दाब हा बहुधा ताठरलेल्या महाधमनीचा दाखला असतो. ‘वय झालं, एवढा दाब चालायचाच’ असे म्हणून तो सोडून देणे चूक आहे. त्यात हृदयावरचा भार वाढतो आणि हृदयाला मिळणारे रक्त घटते.

केशवाहिनी हे अभिसरणाचे अंतिम ठिकाण. बाकी सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे. तिची रुंदी पाच ते दहा मायक्रॉन, म्हणजे सात-आठ मायक्रॉनच्या तांबड्या पेशीला अनेकदा अंग दुमडून एकेरी रांगेने जावे लागते. भिंत एकाच पेशीच्या जाडीची. एवढी नाजूक भिंत दाबाने फुटत कशी नाही? याचे उत्तर तिच्या बारीकपणातच आहे. भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो, आणि केशवाहिनीची त्रिज्या इतकी लहान की महाधमनीच्या भिंतीला तिच्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त ताण सोसावा लागतो. इथे रक्ताचा वेगही पडतो. महाधमनीत ते सेकंदाला तीसएक सेंटिमीटर धावते. केशवाहिन्या मात्र इतक्या असंख्य आहेत की त्यांचा एकत्रित छेद महाधमनीच्या हजारपट होतो, आणि रुंद पात्रात नदी संथ व्हावी तसे रक्त सेकंदाला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच सरकते. ऑक्सिजन उतरवायला, साखर द्यायला, कचरा उचलायला तेवढा वेळ लागतोच. आणि केशवाहिनीची भिंत सगळीकडे एकसारखी नसते, हे मला विशेष बोलके वाटते. मेंदूत तिच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातली बरीचशी औषधेसुद्धा आत शिरू शकत नाहीत. मूत्रपिंडात त्याच भिंतीला बारीक भोके असतात, कारण तिथे गाळायचे काम आहे. यकृतात तर पेशींमध्ये अशा फटी असतात की मोठी प्रथिनेही ये-जा करतात. ज्या शिवारात जे पीक, तशी तिथली चारी.

परतीच्या वाटेवरच्या शिरांना सहसा दुय्यम मानले जाते. खरे पाहता कोणत्याही क्षणी अंगातले साठ टक्क्यांहून जास्त रक्त त्यांच्याकडे असते. त्यांची भिंत पातळ आणि सैल, म्हणून त्या थोड्या दाबातही पुष्कळ रक्त सामावून घेतात आणि वेळ आली की आवळून ते परत करतात. रक्तदान शिबिरात ३५० मिलिलिटर रक्त देऊन माणूस चहा-बिस्किटे घेऊन घरी चालत जातो, त्यामागे या शिरांनी वेळेवर केलेली आवळाआवळ असते. शिरांतल्या झडपांची कथा तर साऱ्या शास्त्राच्या उगमाशी आहे. इटलीतल्या पाडुआ येथे फाब्रिशियस यांनी त्यांचे सविस्तर वर्णन केले आणि १६०३ साली ते प्रसिद्ध झाले, पण त्यांचा खरा उपयोग ओळखला तो त्यांच्या इंग्रज शिष्याने. विल्यम हार्वे यांनी दंडाला पट्टी आवळून फुगलेली शीर बोटाने दाबून दाखवली: रक्त हृदयाच्या दिशेने सरकते, उलट सरकत नाही. हृदय दर ठोक्याला अगदी थोडे रक्त टाकते असे धरले, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त अंगातल्या सगळ्या रक्ताहून जास्त भरते, हा त्यांचा दुसरा पुरावा. अन्नातून इतके रक्त रोज नव्याने बनणे शक्यच नाही, म्हणजे तेच रक्त फिरत असले पाहिजे. १६२८ साली हे छापले गेले आणि रक्त अन्नातून सतत नवे बनते हे प्राचीन वैद्य गेलन यांचे तेराचौदा शतके चाललेले मत कोसळले. धमनीतले रक्त शिरेत कोणत्या वाटेने जाते ते हार्वेंना दिसले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या. झडपांची खरी कसोटी पायांत लागते. निश्चल उभ्या माणसाच्या पावलातील शिरांत दाब ९० मिलिमीटरपर्यंत चढतो, चालू लागला की पोटरीचे स्नायू शिरा पिळतात आणि तो झपाट्याने उतरतो. तासन्‌तास एका जागी उभे राहावे लागणाऱ्या वाहतूक पोलिसांच्या, शिक्षकांच्या, आचाऱ्यांच्या पायांवर निळ्या गाठी का उठतात याचे एक मोठे कारण इथे आहे.

आता एक मोठा आक्षेप. वाहिन्या आवळतात आणि सैल होतात हे मान्य, पण त्यांना हुकूम देतो तो मेंदू. मग ठरवण्याचे श्रेय वाहिन्यांना का द्यायचे? मेंदूकडून चेतांचे जाळे येते हे खरे, आणि रक्त वाहून गेल्यावर किंवा घाबरल्यावर त्याचाच हुकूम चालतो. पण हुकूम थांबला तरी वाहिनी काम सोडत नाही. इंग्लंडमध्ये विल्यम बेलिस यांनी १९०२ साली दाखवले की चेता तोडलेली धमनीसुद्धा आतला दाब वाढला की आपणहून आवळते. आजचा पुरावा याहून सोपा आहे: प्रत्यारोपण केलेल्या मूत्रपिंडाच्या चेता तुटलेल्या असतात, तरी ते आपल्याला लागणारा रक्तप्रवाह स्वतः सांभाळते. आणि सर्वांत अनपेक्षित पुरावा न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेतून आला. अॅसिटिलकोलिन हे रसायन शरीरात टोचले की वाहिन्या सैल होतात, पण सशाच्या महाधमनीची पट्टी कापून तिच्यावर ते टाकले तर ती उलट आवळत असे. हा विरोध वर्षानुवर्षे सुटत नव्हता. अखेर लक्षात आले की पट्टी तयार करताना तिचा आतला पृष्ठभाग घासला जातो आणि पेशींचा एक अतिपातळ थर निघून जातो. तो थर जपला की पट्टी सैल होई. मग थर शाबूत असलेली एक पट्टी थर काढलेल्या दुसरीला चिकटवून ठेवली, तर दुसरीही सैल झाली. म्हणजे अस्तरासारखा वाटणारा तो थर काहीतरी स्रवत होता. हे १९८० साली प्रसिद्ध झाले. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, काही सेकंदच टिकणारा वायू. त्या शोधासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी एकोणिसाव्या शतकापासून वापरात होती. ती वाहिनीला हाच वायू बाहेरून पुरवते, हे शंभर वर्षांनी कळले. रक्ताचा प्रवाह या अंतःस्तरावर घासतो तेव्हा त्याच्या पेशींना तो जाणवतो आणि त्या वायू सोडून वाहिनी रुंदावतात. चालण्याच्या व्यायामाने वाहिन्या निरोगी राहतात आणि तंबाखूच्या धुराने हा थर जखमी होतो, या सल्ल्यांमागे असा पेशींचा आधार आहे.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे. डॉक्टरच तर वाहिन्यांना नळ मानतात: फुगा घालून ब्लॉकेज उघडतात, स्टेंट बसवतात, बायपास करतात, आणि रोगी बरा होतो. याला सरळ उत्तर दिले पाहिजे. हृदयविकाराचा झटका आलेला असताना बंद धमनी जितकी लवकर उघडावी तितका जीव वाचण्याचा संभव जास्त, यात वाद नाही; त्या घटकेला एक मिनिटही दवडू नये. पण त्याच उपचारांचा इतिहास नळाच्या चित्राविरुद्ध साक्ष देतो. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ साली हृदयाच्या धमनीत पहिला फुगा फुगवला. पण उघडलेल्या अनेक धमन्या काही महिन्यांतच पुन्हा आक्रसत. तिथे नवा गाळ साचलेला नसे. दुखावलेल्या भिंतीतल्या स्नायुपेशी वाढून आतल्या पोकळीत शिरत. म्हणून आजच्या बहुतेक स्टेंटवर पेशींची वाढ रोखणारे औषध लावलेले असते. लोखंडी नळाला असे औषध कोणी लावत नाही. प्रकृती स्थिर असलेल्या पाच हजारांहून जास्त हृदयरुग्णांवरील ‘इस्केमिया’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत मृत्यू आणि झटके लक्षणीय कमी झाले नाहीत; छातीच्या दुखण्याला मात्र जास्त आराम पडला. अनेक झटके सगळ्यात अरुंद जागी येत नाहीत, भिंतीतला एखादा नरम, सुजलेला थर फाटून त्यावर गुठळी धरल्याने येतात. आजार साऱ्या भिंतीचा असतो, आणि एक जागा रुंद केल्याने बाकीची भिंत बरी होत नाही. रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या स्टेंटनंतर बंद करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

वाहिनी जिवंत असल्याचा याहून ठळक पुरावा डायलिसिसच्या रुग्णांच्या हातावर पाहायला मिळतो. मनगटाजवळची एक धमनी शिरेला जोडून फिस्टुला करतात. ही शस्त्रक्रिया १९६६ सालापासून माहीत आहे. धमनीचे जोरदार रक्त शिरेत शिरते आणि काही आठवड्यांत ती पातळ शीर रुंदावते, तिची भिंत जाडावते, आठवड्यातून दोन-तीनदा जाड सुया सोसण्याइतकी ती दणकट होते. बोट ठेवले तर तिची थरथर लागते. नवा भार आला तशी तिने आपली घडण बदलली. हाच गुण बायपासमध्ये उलटतो. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलंड येथे पायाची शीर हृदयाच्या धमनीला जोडण्याची रीत रूढ केली आणि असंख्य लोकांना आयुष्य मिळाले, पण धमनीच्या दाबाखाली ती शीर जाडावू लागते, आणि दहा वर्षांत अशा सुमारे निम्म्या शिरा बंद किंवा फार अरुंद होतात. छातीच्या आतली धमनी वापरली तर दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ उघड्या राहतात. दोन्हींतून वाहते तेच रक्त, त्याच हृदयाचे. फरक भिंतीच्या जातीचा.

उच्च रक्तदाबात अशीच भिंत अंगभर जाडावते. दाब चढला की धमनिका तो झेलायला आवळतात. महिनोन्‌महिने असे चालले की त्यांच्या भिंती आतल्या बाजूने जाड होतात, पोकळी घटते, आणि चौथ्या घाताच्या नियमाने अडथळा वाढून दाब आणखी चढतो. मेंदूच्या वाहिन्यांनाही चढ्या दाबाची सवय होते, आणि तो एकदम उतरला तर मेंदूला रक्त कमी पडू शकते. म्हणून डॉक्टर एरवी दाब बेताबेताने उतरवतात, आणि म्हणूनच मनाने गोळी सोडणे किंवा दुप्पट घेणे धोक्याचे. या सगळ्या काळात दुखत काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ साली ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायला दोन मिनिटे लागतात, आणि तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी ही तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. शेवटचा दाब कधी मोजला हे आठवत नसेल, तर या आठवड्यात जाऊन मोजून घ्या, आणि घरातल्या थोरांनाही बरोबर न्या.